सफरचंदाचं जर्मन तळण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हाला सफरचंद तळायला सांगणार आहे. हे ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील आणि ते साहजिकच आहे. आमच्या रेणापुरात सफरचंद हे फार दिवस फळ नव्हतंच, ते औषध होतं. पेरू, बोरं, सीताफळं, चिंचा ही खायची फळं. सफरचंद घ्यायचं ते लातूरला, गंजगोलाईत, आणि तेही कुणाला दवाखान्यात भेटायला जायचं असेल तेव्हा. पिशवीतली चार सफरचंदं उशाशी ठेवायची, ‘आता बरं आहे ना’ असं विचारायचं आणि घरी यायचं. एखाद्या घराच्या उंबऱ्याबाहेर सफरचंदाची साल दिसली, की शेजारीण दारातूनच विचारायची, ‘‘काय ओ, कोण पडलंय?’’ अशा या मानाच्या फळाच्या चकत्या करायच्या, त्या पिठात बुडवायच्या आणि उकळत्या तेलात सोडायच्या, म्हणजे जुन्या माणसांना उधळपट्टीच वाटणार.

पण जर्मनीच्या नैऋत्येला बाडेन-व्युर्टेम्बर्ग नावाचं राज्य आहे. स्टुटगार्ट ही त्याची राजधानी. तिथल्या श्वाबेन भागात हा पदार्थ घरोघरी होतो. त्याला म्हणतात ‘आप्फेलक्यूश्ले’. आप्फेल म्हणजे सफरचंद आणि क्यूश्ले म्हणजे छोटासा केक. शेवटचा तो ‘ले’ हा त्या मुलखाचा लाडका प्रत्यय. आपण सोनूची ‘सोनुली’ करतो ना, तसा. शेजारच्या ऑस्ट्रियात काही ठिकाणी याच पदार्थाला ‘सफरचंदाची चाकं’ अशा अर्थाचं नाव आहे, कारण मधला बियांचा भाग काढलेली गोल चकती तळून फुगली की खरोखरच बैलगाडीच्या चाकासारखी दिसते. नेदरलँड्समध्ये हाच प्रकार वर्षअखेरच्या रात्री, नव्या सालाची वाट पाहताना खातात.

आणि गंमत अशी, की हा श्वाबेनचा माणूस सगळ्या जर्मनीत कशासाठी ओळखला जातो? तर काटकसरीसाठी. त्याच्या चिकटपणावर तिकडे विनोद सांगतात. मग काटकसरी माणसाच्या घरात सफरचंद तळण्याची चैन आली कुठून? तर ती चैन नव्हतीच. त्या भागात गावाबाहेरच्या गवताळ माळांवर सफरचंदाची, नासपतीची जुनी झाडं विखुरलेली असतात. शरद ऋतूत फळं उतरतात. चांगली फळं तळघरात गवतावर मांडून ठेवायची आणि हिवाळाभर पुरवायची. दोन-तीन महिन्यांनी ती सुरकुततात, मऊ पडतात. नुसती खायला गोडी राहत नाही. मग त्यांचं काय करायचं? घरात मूठभर पीठ आहे, कोंबडीनं दिलेली दोन अंडी आहेत, गाईचं दूध आहे, तूप किंवा चरबी आहे. एवढ्यात चार फळांची सोळा चाकं होतात आणि घरभर माणसं जेवतात. होय, जेवतात. आपल्याकडे पुरणपोळी जशी गोड असूनही जेवणच असते, तसं तिकडेही कधी कधी आधी सूप आणि मग ही गरम चाकं, एवढंच दुपारचं जेवण असतं.

आता मी रेणापूरची निवृत्त शिक्षिका, माझा आणि या चाकांचा संबंध कसा आला, ते सांगते.

आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. माझ्याच हाताखाली पाटीवर अक्षरं गिरवलेली. पुढे तिनं नर्सिंगचं शिक्षण घेतलं, लातूरला एका दवाखान्यात नोकरी केली आणि नोकरी करता करता जर्मन भाषा शिकायला लागली. तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, मुंबई आणि स्टुटगार्ट या १९६८ पासून भगिनी-नगरी आहेत. पुढे २०१५ साली महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांतही भागीदारी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याकडचं कुशल मनुष्यबळ तिकडे पाठवण्याबाबत दोन्ही सरकारांत करार झाला. तेव्हापासून आपल्या भागातल्या कितीतरी घरांत ‘जर्मनी’ हा शब्द ऐकू यायला लागला. ही मुलगी मात्र त्याआधीपासूनच स्वतःच्या हिमतीवर वाट काढत होती. परिचारिकेला तिकडे कामाला लागायचं तर सहसा ‘बी-टू’ या पातळीपर्यंत भाषा यावी लागते. म्हणजे नुसतं ‘नमस्कार, कसे आहात’ नाही, रुग्णाला कुठं दुखतंय ते समजलं पाहिजे आणि डॉक्टरला ते सांगता आलं पाहिजे. पोरीनं दोन वर्षं रात्रीचा दिवस केला आणि परीक्षा पार केली.

घरात आनंद झाला. पण तिची आई गप्प गप्प राहायला लागली. माळकरी घर. घरात मांस-मच्छी सोडाच, अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. एक दिवस त्या माझ्याकडे येऊन बसल्या. आषाढ लागायला आठवडा होता. म्हणाल्या, ‘‘बाई, लेक परदेशी निघाली. लोकं पेढे मागायलेत. मला मात्र एकच लागून राहिलंय. औंदा आखाडाचं तळण तिला घरात खाऊ घालीन, पण फुडल्या सालापासून कुणाकडं धाडू?’’

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगते. आषाढात आपल्याकडे ‘आखाड तळतात’. बाहेर पावसाची झड असते, पुढे श्रावणाचे उपासतापास येणार असतात, त्याआधी एकदा कढई चढवायची. गव्हाच्या पिठाचे आणि गुळाचे गुलगुले, शंकरपाळ्यासारख्या कापण्या, तिखट पुऱ्या. देवीला नैवेद्य दाखवायचा, गल्लीत वाटायचं आणि लेक सासरी असेल तर तिच्याकडे डबा पोचवायचा. तो डबा पोचला म्हणजे माहेरची खुशाली पोचली. म्हणजे त्या माउलीचा प्रश्न गुलगुल्यांचा नव्हता, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

मी सहज त्या मुलीला विचारलं, की अगं, तू जिथं चाललीस तिथं काही तळतात का नाही? तर ती म्हणाली, ‘‘तळतात की बाई. आमच्या जर्मनच्या धड्यात सफरचंदाची भजी होती.’’ आणि तिनं वहीतून कृती वाचून दाखवली. तिथून पुढे आम्ही तिघींनी मिळून जे काही केलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

पण त्याआधी थोडं मागे जाऊ. युरोपातही तळण आणि उपवास यांचं नातं आपल्यासारखंच आहे. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. पूर्वीच्या काळी त्यात मांसच नव्हे, तर अंडी, लोणी, दूध, चरबी यांवरही बंदी असे. मग घरातला हा साठा उपवासाआधी संपवायला हवा. त्यासाठी सोपी युक्ती कोणती, तर पिठाचे गोड पदार्थ करून तळायचे. जर्मनीत उपवासाआधी जो मौजमजेचा सण होतो, फाशिंग किंवा कार्नेवाल, त्यात आजही तळलेल्या गोड पदार्थांची रेलचेल असते. म्हणजे आपण श्रावणाआधी आखाड तळतो आणि ते ईस्टरच्या उपवासाआधी कढई चढवतात. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. पोटाचं आणि कॅलेंडरचं गणित मात्र दोघांनी सारखंच सोडवलं.

आणि तळण्याच्या कलेत आपण कुणाचे विद्यार्थी नाही, हेही सांगून ठेवते. आमच्याकडून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल एवढ्या अंतरावर बसवकल्याण आहे. आज ते कर्नाटकच्या बिदर जिल्ह्यात आहे, पण एके काळी ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या अन्नभोगाचं प्रकरण आहे. त्या ग्रंथात पुरिका, वटक, घारिका असे तळणीचे पदार्थ येतात. आपल्या घारग्याचं नाव त्या घारिकेशी किती जवळचं आहे पाहा! तेव्हा मराठवाड्यातल्या बाईला तळण शिकवायला जर्मनीहून कुणी यायची गरज नाही. फक्त फळ नवं आहे, एवढंच.

फळही आता तसं परकं राहिलेलं नाही. सॅम्युअल स्टोक्स नावाचा एक अमेरिकन तरुण हिमाचलातल्या कोटगढला येऊन राहिला. त्यानं १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून ‘डिलिशस’ जातीची सफरचंदाची रोपं आणून लावली आणि पुढे सगळ्या डोंगरी मुलखाचं नशीब पालटलं. हा माणूस पुढे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेला आणि १९३२ मध्ये हिंदू होऊन सत्यानंद झाला. आज आपल्या बाजारात येणारं लाल, उभट, तळाशी पाच उंचवटे असलेलं सफरचंद त्याच घराण्यातलं. हिमाचलचा माल साधारण जुलैपासून यायला लागतो, काश्मीरचा त्यामागून. शीतगृहांमुळे आता वर्षभरही मिळतो. एवढंच नाही, हिमाचलातल्याच हरिमन शर्मा या शेतकऱ्यानं उष्ण हवेत फळणारी ‘एचआरएमएन-९९’ ही जात तयार केली. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ही झाडं लावली आहेत. म्हणजे सफरचंद आता आजाऱ्याच्या उशाशीच बसून राहणारं फळ नाही.

आता कृतीकडे वळू. वही-पेन घ्या.

पहिली गोष्ट फळाची. जर्मन गृहिणी यासाठी आंबट, कडक सफरचंद घेते. तिकडे ‘बोस्कोप’ नावाची एक जुनी आंबटसर जात यासाठी पसंत करतात. आपलं लाल डिलिशस गोड असतं, त्यात आंबटपणा कमी. त्यामुळे त्याला लिंबाची साथ लागते. बाजारात हिरवं आंबट सफरचंद मिळालं तर उत्तमच, पण ते महाग असतं, त्याच्या मागे लागू नका. उलट आठवडी बाजारात संध्याकाळी जी थोडी दबलेली, डाग पडलेली फळं स्वस्तात मिळतात, ती चालतात. दबलेला भाग कापून टाका. फक्त आतून पिठूळ झालेलं, भुसभुशीत फळ नको, कारण त्याच्या चकत्या तेलात फुटतात.

चार मध्यम सफरचंदं घ्या. साल काढा. फळाच्या आडव्या, बोटाच्या निम्म्या जाडीच्या, म्हणजे साधारण एक सेंटिमीटरच्या चकत्या करा. एका फळाच्या चार होतात. मधला बियांचा भाग काढायला तिकडे खास हत्यार असतं. आम्ही छोट्या बाटलीचं धुतलेलं टोपण घेतलं आणि दाबलं. बिया नेमक्या निघाल्या. चकत्यांवर एका लिंबाचा रस आणि दोन चमचे साखर पसरून दहा मिनिटं ठेवा. चिरलेलं सफरचंद तपकिरी पडतं, कारण हवेतला प्राणवायू लागला की फळातलं एक विकर कामाला लागतं. लिंबाचं आम्ल त्याला आवर घालतं. म्हणजे लिंबू चवीलाही आणि रंगालाही.

दुसरी गोष्ट पिठाची. मूळ कृतीत मैदा, दूध, चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि दोन अंडी असतात. अंड्याचा पिवळा भाग पिठात कालवतात. पांढरा भाग फेस येईपर्यंत घुसळतात आणि शेवटी हलक्या हातानं मिसळतात, म्हणजे आवरण हलकं होतं. काही ठिकाणी दुधाऐवजी बिअर घालतात, तीही तिच्यातल्या बुडबुड्यांसाठी.

मुलीनं हे वाचलं आणि स्वयंपाकघरात शांतता पसरली. आई काही बोलल्या नाहीत. मुलगी हळूच म्हणाली, ‘‘आई, तिथं कशाकशात अंडं असतं हे मला दर वेळी विचारावं लागणार. रोज कुणाकुणाला विचारू?’’ ती रागानं बोलत नव्हती. पण त्या एका वाक्यात तिचं सगळं पुढचं आयुष्य उभं राहिलं. परक्या टेबलावर बसायचं, सगळे खात असताना आपण विचारत बसायचं, किंवा उपाशी उठायचं, किंवा एक दिवस न विचारता खायचं. आईलाही ते दिसलं असावं.

तेव्हा मी त्यांना एक खरी गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता रसायनतज्ज्ञ होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. तिला कस्टर्ड तर फार आवडायचं. मग या गृहस्थानं १८३७ साली मक्याच्या पिठापासून बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली. एवढ्यावर न थांबता १८४३ मध्ये तिला यीस्टशिवाय पाव खाता यावा म्हणून बेकिंग पावडर तयार केली. आज आपल्या फडताळात या दोन्ही वस्तू असतात, त्या एका माणसानं आपल्या बायकोच्या ताटाची काळजी केली म्हणून.

आई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, ‘‘म्हंजे तिकडंबी बायकूसाठी खटपट करनारे असतेत म्हना की!’’ आणि पदर खोचून ओट्याशी उभ्या राहिल्या. त्यानंतर कृती वहीतली राहिली नाही, त्यांची झाली.

त्या म्हणाल्या, फुगायलाच पाहिजे ना, मग अंडं कशाला, ताक घाला. खरंच आहे. ताकातलं आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की कर्बवायूचे बुडबुडे होतात. घुसळलेल्या अंड्यात हवा कोंडलेली असते, बिअरमध्ये वायू विरघळलेला असतो, ताक-सोड्यात तो तिथल्या तिथे तयार होतो. वाटा तीन, मुक्काम एकच. तेव्हा आमचं प्रमाण असं ठरलं: एक मोठी वाटी मैदा, त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ कुरकुरीतपणासाठी, चिमूटभर मीठ, दोन चमचे साखर, किंचित जायफळ. यात गोडसर, फार आंबट नसलेलं ताक थोडं थोडं घालत पाऊण वाटीपर्यंत जायचं. पीठ कांदाभज्यापेक्षा पातळ आणि धिरड्यापेक्षा घट्ट हवं. चमचा बुडवून काढला तर त्यावर साय धरल्यासारखा थर राहिला पाहिजे. गुठळी नको, पण फार घोटूही नका, घोटल्यानं मैदा चिवट होतो. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. तळायच्या अगदी आधी पाव चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन घाला. सोडा आधी घालून ठेवला तर वायू निघून जातो आणि भजी बसतात.

तिसरी गोष्ट तेलाची. तिकडे पूर्वी चरबीत तळत, किंवा ‘बुटरश्माल्त्स’मध्ये. हे जड नाव ऐकून घाबरू नका. बुटर म्हणजे लोणी आणि ते कढवलं की जे राहतं ते बुटरश्माल्त्स. म्हणजे आपलं तूपच! साधं लोणी कढईत करपतं, कारण त्यात पाणी आणि दुधाचे कण असतात. ते काढून टाकले की तूप जास्त तापमान सोसतं. हे जर्मन बाईलाही ठाऊक होतं आणि आपल्या आजीलाही. आज एवढं तूप कोण तळणीला घेणार? लातूर म्हणजे सोयाबीनचा मुलूख, सोयाबीनचं रिफाइंड तेल चालतं. आमच्या लहानपणी घरात करडीचं तेल असायचं, ते मिळालं तर आणखी छान.

तेल किती तापवायचं? पुस्तकात १७० ते १८० अंश सेल्सियस लिहिलेलं असतं. आपल्याकडे तापमापक नाही, पण पिठाचा थेंब आहे. थेंब टाकल्यावर तळाशी जाऊन लगेच वर आला आणि हळूहळू बदामी झाला तर तेल तयार. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड, लगेच काळपट झाला तर फार तापलं. थंड तेलात भजी तेल पितात. तेल नेमकं तापलेलं असलं, की पिठातल्या पाण्याची वाफ जोरात बाहेर पडते आणि तेलाला आत शिरायला जागा देत नाही. ते जे चर्रर्र आवाज येतात ना, ते वाफेचेच. आवाज मंदावला म्हणजे बाहेरचं आवरण वाळत आलं, चकती काढायची वेळ झाली.

इथे पहिल्या दोन चकत्यांचं पीठ तेलात सुटून वेगळं झालं. मुलगी वही चाळायला लागली. आईंनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, ‘‘साखरंनं पाणी सुटलंय. वल्या अंगाला पीठ कसं धरंल?’’ चकत्या स्वच्छ फडक्यानं टिपल्या, कोरड्या मैद्यात दोन्ही बाजूंनी घोळवल्या, मग पिठात बुडवल्या. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणीच असतं. तेव्हा ही पायरी गाळू नका. कोरडं पीठ त्या ओलाव्याला धरून ठेवतं आणि वरचं पीठ त्याला धरून बसतं. मध्यम आचेवर एकेका बाजूनं दीड-दोन मिनिटं. आतलं सफरचंद मऊ व्हायला हवं, पण त्याचा लगदा होता कामा नये. कढईत एका वेळी तीन-चारच सोडा, गर्दी केली की तेल थंड होतं.

शेवटची गोष्ट साखरेची. अर्धी वाटी पिठीसाखर नव्हे, साधी बारीक साखर घ्या. त्यात एक चमचा दालचिनीची पूड मिसळा. चकती तेलातून काढली, कागदावर निथळली, की गरम असतानाच या साखरेत दोन्ही बाजूंनी घोळवा. थंड झाल्यावर साखर चिकटत नाही. जर्मनीत याच्या सोबत व्हॅनिलाचं पातळ सॉस देतात. आपण बर्डसाहेबांची कस्टर्ड पावडर नेहमीपेक्षा निम्मी घेऊन दुधात पातळ शिजवायची, झालं सॉस. पातळ बासुंदीही शोभते. आणि दालचिनीचं नवल वाटतं मला. ही दक्षिणेतल्या झाडाची साल, श्रीलंकेतून, मलबारातून जहाजांनी युरोपात गेली, तिथल्या सफरचंदावर जाऊन बसली आणि आता धड्यातून परत रेणापूरला आली.

आता एक सावधगिरी. हे तळण आहे. सफरचंद आत आहे म्हणून ते पथ्याचं होत नाही. मधुमेह असलेल्यांनी एखाद्या चकतीवर समाधान मानावं आणि साखर टाळावी. तळणीचं उरलेलं तेल गाळून एखाद-दोन दिवसांत भाजीला संपवावं, पुन्हा पुन्हा तापवू नये. सणाचं तळण सणालाच शोभतं. आपल्या जुन्या लोकांनी त्याला वर्षातला एक महिना नेमून दिला, त्यातही शहाणपण होतं.

त्या दिवशी सोळा चाकं झाली. दोन फुटली, चौदा उरली. रेणुकामातेच्या नावानं पहिलं काढून ठेवलं, मग गल्लीत वाटली. एका आजोबांनी विचारलं, ‘‘कशाची हाय ही भजी?’’ सफरचंदाची म्हटल्यावर ते दचकले आणि मग दुसरं मागून घेतलं. सोबत गुलगुलेही होते. आई म्हणाल्या, आखाड आहे, गुलगुले चुकवायचे नाहीत.

मुलगी पुढे सप्टेंबरात गेली. स्टुटगार्टजवळच्या एका गावात, तिथल्या रुग्णालयात ती काम करते. पहिले दोन महिने जड गेले. फोनवर आईला ‘सगळं छान आहे’ म्हणायची आणि मला निराळंच सांगायची. संध्याकाळी लवकर अंधार पडतो, कुणी कुणाच्या दारात जात नाही, दिवसभर परक्या भाषेत बोलून जबडा दुखतो. मग एका रविवारी तिनं ही चाकं केली. तिथल्या दुकानात ताक मिळतं, ‘बुटरमिल्श’ नावानं. ते तिला सापडलं तेव्हा तिनं मला आनंदानं फोन केला होता. कामावर डबा भरून नेला. तिच्या विभागात एक वयस्कर जर्मन परिचारिका आहेत. त्यांनी एक चाक खाल्लं आणि विचारलं, अंडं नाही का यात? आणि या मुलीनं, जिला रोज दुसऱ्याला हे विचारावं लागत होतं, तिनं उत्तर दिलं. जर्मन भाषेत, पूर्ण वाक्यात, आईची कृती समजावून सांगितली. ताक, मोहन, आधी कोरड्या पिठात घोळवणं. त्या बाईंनी ती लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांनी केक आणला, तेव्हा न विचारता सांगितलं, यात अंडं नाही, तू खाऊ शकतेस.

मी हे आईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘म्हंजे तिच्या हातचं तिकडच्या लोकान्नी खाल्लं. मग लागली तिची वळख.’’ परदेशी निघालेल्या लेकराला पैसे कसे पाठवायचे, विमा कोणता काढायचा, थंडीचे कपडे कोणते घ्यायचे, हे सांगणारे पुष्कळ असतात. पण परक्या गावात ओळख होण्यासाठी आपल्या हातात काहीतरी द्यायला हवं आणि ते तिथल्या माणसाला घेता यायला हवं. गुलगुले नेले असते तर लोकांनी कौतुकानं चाखले असते. आप्फेलक्यूश्ले नेलं तेव्हा त्यांना त्यांचंच घर आठवलं, आणि त्यात आपलं ताक होतं.

आपल्या गावागावांतून आता मुलं बाहेर पडताहेत. पुण्याला, बंगळुरूला, काही त्याहून लांब. त्यांना रोखता येणार नाही आणि रोखूही नये. मात्र निघण्याआधी त्यांना आपल्या ओट्याशी उभं करा. मुलींना करा, तसंच मुलांनाही करा. ते जिथं चालले आहेत तिथला एक पदार्थ शोधायला सांगा आणि तो आपल्या पद्धतीनं, आपल्या कढईत, त्यांच्यासोबत एकदा करून पाहा. आईला जर्मन येत नसेल, पण तेल तापलं की नाही हे तिला कळतं. ते ज्ञान कुठल्याही भाषेत उपयोगी पडतं.

आईंनी आता ठरवलंय, की आखाडात दोन कढया चढवायच्या. एकीत गुलगुले, दुसरीत सफरचंदाची चाकं. त्या दिवशी मुलगीही तिकडे तेच करणार आहे. डबा काही पोचणार नाही, पण वेळ जुळवून फोन मात्र होईल. डिसेंबर-जानेवारीत येळवस येते, तेव्हा शेतावर बसून आंबील आणि भज्जी खाताना तिची आठवण येईलच. आमच्याकडची येळवशीची भज्जी ही तळलेली नसते, हे त्या जर्मन बाईंना समजावून सांगणं, हा तिचा पुढचा धडा!

तेव्हा श्रोतेहो, येत्या आषाढात हे करून पाहा. गरमागरम खा, कारण थंड झालं की कुरकुरीतपणा जातो. आणि शेजारी द्यायला विसरू नका.